तुले डॉक्टर नाही भेटला

भिलाई, १९५९

फुलमत,

हे कोणाकडून तरी वाचून घेजो.

तुझं लेकरू गेलं, अन् तू गिट्टी वाहता वाहता त्याच्याशी बोलायले लागली. त्याच महिन्यात आपल्या पोलाद कारखान्याच्या बांधकामावरचा रशियन साहेब मचाणावर उभा राहून मेलेल्या बायकोशी बोलत रडला. लोक म्हणाले, "घरापासून दूर आहे बिचारा, डोकं थकलं." डॉक्टर आला, त्याले हात धरून उतरवलं, मायदेशी धाडलं. तुले मात्र वस्तीनं टोनही म्हटलं, लेकरू खाणारी चेटकीण.

मी मुकादमाले म्हटलं, "हिलेही डॉक्टरले दाखवा नं."

तो हसला. "गोंडीन आहे ते. तिले झाडफूक करणारा बैगा पायजे."

तुले दुर्गच्या दवाखान्यात न्यावं म्हणून मी सुपेल्याच्या बाजारातून रिक्षा आणायले गेली. परत आली तवा तुझी झोपडी मोडली होती. केस कापून तुले हाकललं, हे बायाच हसून सांगत होत्या.

साहेब बरा झाला म्हणतात. मी दर बाजारात गोंड बायांले तुझ्याबद्दल विचारते. रोज संगं भाकर खाल्ली, पण तुझं गाव कोणतं, हे मी कधी विचारलंच नाही. आता हे पत्र कुठं टाकू?

तुझी जोडीदारीण,
गयाबाई