चौथीच्या वर्गात दोघी

१ जुलै २०२४

सुटले!

खामगावच्या खासगी शाळेत माझ्या वर्गात अठ्ठ्याहत्तर पोरं होती. फळ्याकडे वळलं की मागे बाजार भरायचा. वह्या तपासता तपासता डोळ्यांतून पाणी यायचं. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. मोताळ्याला खोली घेतलीय, तिथून स्कूटीनं आत. लहानसं गाव, शाळेच्या दोन खोल्या, दारात कडुनिंब. पहिली-दुसरीची पाच मुलं मुख्याध्यापक उकंडराव सरांकडे. तिसरीत कोणीच नाही. चौथी माझ्याकडे — आणि चौथीत फक्त एक! प्रेरणा. गावातली बाकीची पोरं व्हॅननं मोताळ्याला जातात.

सर हसून म्हणाले, "धम्मशीला मॅडम, तुमच्या वर्गात पयला नंबर बी तिचाच अन् शेवटचा बी तिचाच."

घरी आल्यावर आईला फोन केला. स्वर्ग आहे म्हटलं!

१५ जुलै

एक धडा अर्ध्या तासात संपतो. मग दोघी एकमेकींकडे बघत बसतो.

२ ऑगस्ट

प्रेरणा हुशार आहे, पण एक अक्षर लिहिलं की माझ्या तोंडाकडे बघते. "बरोबर हाय का मॅडम?" माझी भुवई जरा हलली की लगेच खोडरबर. पानाला भोक पडलं आज.

खामगावला पोरं पुढच्याच्या पाठीमागे लपायची. मी चिडायचे. इथे या पोरीला लपायलाही जागा नाही. दिवसभर मी तिच्यासमोर, ती माझ्यासमोर. चुकली तर तीच चुकली. दुसरं कोणी चुकताना तिनं कधी पाहिलेलंच नाही!

२७ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत तिच्याशी लंगडी खेळले. ती मुद्दाम आउट होते. मॅडमला कसं हरवायचं?

१९ सप्टेंबर

प्रेरणा आली नाही. पोटात दुखतंय म्हणे. या महिन्यात चौथ्यांदा. संध्याकाळी तिच्या घरी गेले. ही खुशाल अंगणात शेंगा सोलत बसलेली. मला पाहिलं आणि घरात पळाली.

तिचे वडील गोपालभाऊ शेतातून नुकतेच आले होते. म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. तुमी चांगल्या शिकवता. पण पोरगी घरी बी एकटीच, शाळेत बी एकटीच. तिले भांडाले तरी कोणी पाहिजे न! दिवाळीनंतर मोताळ्याले टाकतो."

खरंच होतं ते. आजी गोजरबाई मात्र आतून ओरडल्या, "व्हॅनमंधी ओकते ते पोरगी! कायले पाठवतं बे?"

येताना फार वाईट वाटलं. अठ्ठ्याहत्तर पोरांनी मला थकवलं होतं. एका पोरीनं तर हरवलं.

२५ नोव्हेंबर

दिवाळी झाली तरी प्रेरणा अजून इथेच. गोजरबाईंनी रडून मुलाला थोपवलंय — संक्रांतीपर्यंत.

आणि आज! सकाळी दारात एक माणूस, अंगावर कापसाचे तंतू, हाताशी एक पोरगी. नौशादभाई. गाद्या-रजया भरून देतात. थंडीभर बायको-पोरीसह या गावात मुक्काम, समाजमंदिरामागे पाल टाकलंय. म्हणाले, "मॅडम, आम्ही तं फिरते लोक. दोन-तीन महिने बसू देता का इले? चौथीत व्हती."

बसू देता का! मी खुर्चीवरून उठलेच.

पोरीचं नाव मलिहा. आली आणि थेट प्रेरणाच्या सतरंजीवर बसली. प्रेरणा अंग चोरून भिंतीला टेकली. मी परीक्षा म्हणून विचारलं, महाराष्ट्राची राजधानी कोणती? मलिहाचा हात टाणकन वर.

"खामगाव!"

"काऊन गं, खामगाव काऊन?"

"तिथं सारंच भेटते न मॅडम!"

प्रेरणाच्या तोंडातून फस्सकन आवाज आला. मग ती हसली. पोट धरून! पाच महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं तिचं हसू. मलिहाही हसायला लागली — स्वतःवरच. उकंडराव सर धावत आले, काय झालं म्हणून.

२९ नोव्हेंबर

पोटदुखी नाही!

१२ डिसेंबर

भागाकार. मी तीनदा समजावला, प्रेरणा मान डोलवत होती, पण कळत काही नव्हतं. मलिहा म्हणाली, "बाकी उरली तं उरू दे न! खाली लिव अन् सोड." आणि हिला कळला! बाकी उरणं म्हणजे चूक असं वाटायचं तिला. मला हे कधी कळलंच नसतं.

मी गप्प बाजूला बसले. शिकवताना गप्प बसायला मिळणं — काय सुख आहे!

२० डिसेंबर

आज दोघी भांडल्या. पेन्सिलीच्या टोकयंत्रावरून. कट्टी. दोन भिंतींना दोन तोंडं. मधली सुट्टी झाली, डबे उघडले, आणि मलिहाच्या अंड्याच्या पोळीकडे बघत प्रेरणा हळूच सरकली. मी गोपालभाऊंना फोन करून सांगितलं — भांडली तुमची पोरगी! तिकडून म्हणाले, "लई बरं झालं मॅडम."

१६ जानेवारी २०२५

संक्रांत गेली. मोताळ्याचं नाव कोणी काढलं नाही.

३ फेब्रुवारी

नौशादभाई आले. "थंडी सरली मॅडम. आता रजया कोण भरते? खामगावले जिनिंगवर काम पाह्यलं. आयतवारी निघतो."

मलिहा बापाच्या मागे उभी, बोटाला सदऱ्याचं टोक गुंडाळत. प्रेरणा नुसती वहीत बघत बसली. आणि खोडरबर काढला.

४ फेब्रुवारी

प्रेरणा आली नाही. पोटात दुखतंय.

६ फेब्रुवारी

मी आपण होऊन गोपालभाऊंकडे गेले. म्हटलं, परीक्षेपर्यंत मलिहाला माझ्याकडे मोताळ्याला ठेवते, रोज स्कूटीवर आणते. गोपालभाऊ म्हणाले, "तिची माय पाठवन का?" नसतीच पाठवली.

मग ते आईकडे वळले, "माय, कापसाची खोली रिकामी हाय. त्या मायलेकींले देऊ का?"

गोजरबाई जोरात म्हणाल्या, "परक्या माणसायले घरात? लोक काय म्हनतीन?" आणि पाणी आणायला निघून गेल्या. मी उठले. संपलंच म्हटलं.

७ फेब्रुवारी

सकाळी शाळेत जाताना पाहिलं — गोजरबाई पदर खोचून ती खोली झाडत होत्या! केसांत कापूस. मला पाहून लाजल्या. "काय करतं मॅडम, राती पोरगी जेवली नाही. थ्ये हासे तं घर कसं भरल्यावानी लागे."

नौशादभाई एकटे खामगावला जाणार, दर रविवारी येणार. मलिहाची आई सरवरी इथेच राहून पुढच्या हंगामासाठी रजयांच्या खोळी शिवणार. डोक्यावर गठुडं घेऊन ती खोलीत शिरली तेव्हा गोजरबाई म्हणाल्या, "चूल आत नको पेटवू वं, धूर व्हते. माह्याच चुलीवर ये."

वर्गात आले तर दोघी आधीच बसलेल्या. माझ्याकडे दोघींचंही लक्ष नाही! कोणाकोणाचे आभार मानू?

२९ एप्रिल

चौथीची परीक्षा संपली. प्रेरणाची वही पाहिली. चुका भरपूर, खाडाखोड नाही.

४ मे

सरवरी आणि मलिहा खामगावला गेल्या. आता पाचवी तिकडेच. गोजरबाईंनी डबाभर शेवया दिल्या. प्रेरणा रस्त्यापर्यंत गेली, एकटी परत आली. इथली शाळा चौथीपर्यंतच; जूनपासून तिला मोताळ्याची शाळा, नवी पोरं. सोबत मलिहा नाही. मला भीती वाटते.

२३ जून

प्रेरणाचा पाचवीचा पहिला दिवस. वर्गात सत्तावन्न पोरं. संध्याकाळी माझी स्कूटी रस्त्यातच अडवली, दम लागलेला —

"मॅडम! सरानं प्रश्न इचारला, कोनीच हात नाही वर केला. मी केला. उत्तर चुकलं! सारे हासले — मी बी हासली. मंग साऱ्यायनंच हात वर केले!"