सातव्या अंकातला बुधा

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

बुधाला मारलं. सातव्या अंकाच्या पान एकोणीसवर. पान वीसवर चिता पेटवली, तीही मुद्दाम. प्रेत वाहून गेलं असं लिहिलं की पुढचा लेखक माणूस परत आणतो. दिनेशसाठी ती वाट ठेवायची नव्हती.

अंक चांगला झालाय. इथे नम्रपणा कोणासाठी करायचा? मालिकेतला आतापर्यंतचा सगळ्यात चांगला.

‘शेवटचं आवर्तन’ या कथामालिकेचे विषम अंक माझे, सम दिनेशचे. ती छापणाऱ्या शेखरने सुरुवातीलाच दोन नियम घातले. लेखकांनी आपसात बोलायचं नाही, आणि एकदा छापलेलं खोडायचं नाही. मला दोन्ही आवडतात. वर्ष झालं, दिनेशला एकदाच पाहिलंय, तेही शेखरच्या प्रेसच्या दारात. पेठकडे शाळेवर आहे म्हणे. तेवढं पुरे.

गोष्टीत जग बंद पडून तिसरं वर्ष. धरणाखाली उरलेली एक वस्ती. वर गेट सांभाळणारी अक्काबाई — ती माझी. खाली करंजाच्या तेलावर ट्रॅक्टर चालवणारा थापाड्या बुधा — तो दिनेशचा. सगळ्यांचा लाडका. तेल न गाळता तो ट्रॅक्टर दोन अंक चालला, तेव्हाच माझ्या मनातून उतरला होता.

सातव्यात वरून लोंढा येतो. भिंत झिरपते. अक्काबाई टोल देते आणि गेट उघडते. बुधा धान्याची पोती घेऊन खालच्या फरशी पुलावर. इंजिनाच्या आवाजात टोल ऐकू जात नाही. पाणी मागच्या चाकाच्या निम्म्यावर आलं की ट्रॅक्टर जागा सोडतो. हिशोब दोनदा केला. बरोबर आहे.

११ नोव्हेंबर

कारखाना सुटल्यावर सातपूरहून थेट देवळाली कॅम्पला. शेखर लग्नपत्रिका छापत होता. मशीन बंद केलं आणि उभ्यानेच वाचलं.

“अगं, मारलंस?”

“हो.”

“पक्कं?”

“जाळलाय. पान वीस.”

त्याने पान वीस उघडून खात्री केली. पान एकोणीसही पुन्हा वाचलं. मग विचारलं, “चहा घेणार का इंजिनिअर बाई, की हातात रक्त आहे अजून?”

घेतला.

१७ नोव्हेंबर

अंक गेले. मुखपृष्ठाचा निळा थोडा गडद आलाय. चालेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेखरकडे वाचकांचे फोन. निम्मे मला शिव्या देणारे, म्हणजे काम झालंय. कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार दुकानात येऊन म्हणाले, “गोळा जिथे पडायला हवा तिथेच पडलाय. पोरगी आमच्याकडे हवी होती.” उभी हयात तोफखान्यात गेलेला माणूस. याहून चांगला अभिप्राय मला नको.

२९ नोव्हेंबर

दिनेश आठवा अंक लिहिणार नाही.

शेखरने फोनवर सांगितलं. मी कारण विचारलं. तो म्हणाला, “बुधा त्याचा बाप आहे.”

“म्हणजे नाव वापरलंय?”

“नुसतं नाव नाही, अख्खा माणूस. ट्रॅक्टर, थापा, सगळं. पेठहून दिंडोरीला येतो हंगामात, द्राक्षांवर फवारणीला. दिनेश प्रत्येक अंक त्याला वाचून दाखवतो. हाही दाखवत होता.”

“मला सांगायला हवं होतंस.”

“नियम तुझेच लाडके ना? बोलायचं नाही.”

शेखर म्हणाला, आठवाही तूच लिही, नाहीतर मालिका इथेच संपली. डिसेंबरअखेरपर्यंत थांबतो. मी नाही म्हटलं. आठवा त्याचा आहे.

तरी मला माझं चुकलं असं वाटत नाही. पात्र म्हणून छापायला दिलं की ते पात्र.

३० नोव्हेंबर

आठव्याची दोन पानं लिहून बघितली. बुधा नसलेली वस्ती मला लिहिता येते. वाचवत नाही.

७ डिसेंबर, रविवार

दिंडोरी. नियम लेखकाशी बोलायचं नाही एवढाच आहे. लेखकाच्या वडिलांशी बोलायला बंदी नाही. शेखर हसला, पण स्कूटर काढली.

बागेत बुधा ट्रॅक्टर घेऊन ओळीतून येत होते, मागे ब्लोअर. आम्हाला पाहून इंजिन बंद केलं, तोंडावरचा रुमाल खाली ओढला. अंगाने अगदी सुकलेले, आवाज मात्र मोठा. शेजारच्या ओळीत घड विरळणारी कुसाबाई म्हणून एक बाई होती. तिनेच आधी तोंड उघडलं.

“बुधादादा, पाव्हणी आली बग. मेलेल्या मानसाला भेटाया.”

“तूच का ती?” बुधा मला म्हणाले. “मला वाटलं चांगली धिप्पाड बाई असंल. ही तर लय बारीक.”

मी सांगितलं, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी लिहिलं असतं की नाही, ते सांगता येत नाही. शेखरने माझ्याकडे पाहिलं. पण खोटं बोलायला मी एवढ्या लांब गेले नव्हते.

“त्याचं काय नाय,” ते म्हणाले. “बुडून मेलो, झकास मेलो. बागेतली समदी चिडवत्यात, तुजी हजेरी कोन लावतं म्हणून. मला बरं वाटतं. पन माझा दिस नाय घातला कोनी.”

“दिवस?”

“मला जाळलं. आन पुढच्या पानाव ती बाई काय करती? गेटाला ग्रीस लावती.”

“लावायलाच हवं. एवढं पाणी गेल्यावर स्क्रू—”

“लाव की. कोन नको म्हनतंय? पन आदी चार मानसं बसतील, माझं चार शब्द काढतील, मग लाव. दिनेश तितंच थांबला वाचताना. मेलो तवा नाय थांबला. ग्रीसवर थांबला.”

मी म्हटलं, तीन वर्षं धान्य मोजून खाणारी वस्ती आहे, दिवसाचं जेवण घालणं त्यांना परवडणार नाही.

“मग उपाशी बसा. बोलायला धान्य लागतं व्हय?”

कुसाबाई तिकडून म्हणाली, “ह्याच्याबद्दल बोलायचं म्हंजी समद्या थापाच. एक रात नाय पुरायची.”

मी विचारलं, हे तुम्ही दिनेशला सांगाल का? ते म्हणाले, तू सांग की, तोंड हाय ना तुला. नियम सांगितला. ते बराच वेळ हसले. “दोगंबी येडी हायेत,” असं शेखरला म्हणाले. सांगतो म्हणाले.

निघताना इंजिन चालू करायला हात नेला आणि थांबले.

“एक इचारू? गेटावरनं फरशी दिसती ना? मंग त्या अक्काबाईला मी दिसलो नाय?”

“पाऊस होता,” मी म्हटलं.

“हां. पाऊस आसंल,” ते म्हणाले आणि पुढच्या ओळीत गेले.

८ डिसेंबर

पान अठरा काढून पाहिलं. पाऊस पहाटेच थांबलाय. ‘ऊन भिंतीवर आलं होतं’ — माझंच वाक्य.

१५ डिसेंबर

कारखान्यात आज एक व्हॉल्व्ह चाचणीत नापास केला. वरिष्ठ म्हणाले, जाऊ दे, थेंबभर तर गळतोय. मी सही केली नाही.

सहीबद्दल मला कधी शंका नसते. गेट उघडलं नसतं तर वस्ती वाहून गेली असती, याबद्दलही नाही.

२० डिसेंबर

दिनेशचा आठवा शेखरकडे पोचला. मालिका बंद पडणार नाही. छापून होईपर्यंत मला बघायला मिळणार नाही, मागितलाही नाही. शेखर फोनवर फक्त म्हणाला, “आज पत्रिकांना हात लावला नाही. बसून आहे.”

२८ डिसेंबर, रविवार

आठवा वाचला.

अंकभर काही घडत नाही. माणसं धरणाच्या भिंतीवर बसलीयत, कोणासमोर जेवणाचं पान नाही, आणि एकेक जण बुधाबद्दल बोलतो. त्याने कोणाला काय थाप मारली. कोणाची म्हैस स्वतःची म्हणून दाखवली. एका म्हातारीला त्याने सांगितलेलं की पलीकडे तिचा मुलगा जिवंत आहे, आपण पाहिलाय. ती म्हणते, खोटं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं, पण त्या रात्री मी जेवले. मी हसले, आणि त्या म्हातारीपाशी अंक खाली ठेवून गच्चीत जाऊन आले.

सातवा सगळ्यात चांगला असं लिहिलं होतं. आता तसं नाही. मला राग येत नाहीये, याचं नवल वाटतं.

ट्रॅक्टरचं तेल अजूनही गाळलेलं नाही.

सगळ्यांचं बोलून होतं. एकच माणूस उरतो. अंकाची शेवटची ओळ: ‘मग सगळे अक्काबाईकडे वळले.’

चार अंकांत मी तिला कामापलीकडे एक शब्द बोलू दिलेला नाही. पुढचा अंक माझा.

२९ डिसेंबर

नवव्याची पहिली ओळ लिहिली.

‘गेट उघडलं तेव्हा तो मला दिसत होता,’ अक्काबाई म्हणाली.

सातव्यातलं एकही वाक्य याच्या आड येत नाही. तपासलं. तेवढी जागा मीच ठेवली होती.