पित्ताचं इंजेक्शन

सर, तुमच्या शोकसभेत सगळे तुमच्याविषयी चांगलंच बोलले. मीही फोटोला हार घातला आणि मनात म्हटलं, बरं झालं, आता मध्ये तोंड घालायला तुम्ही नाही.

ती महाशिवरात्र तुम्ही केव्हाच विसरला असाल. मी इंटर्न होते. कॅज्युअल्टीत टेंभुर्णीकडची एक बाई नणंदेबरोबर आली, स्वतःच्या पायांनी चालत. "उपासानं पित्त झालंय, डॉक्टरबाई. लई मळमळतंय. पाठ भरून आलीय," एवढंच म्हणाली. छातीत दुखतं असं आपल्याकडच्या बाया चटकन म्हणतच नाहीत; उपास असला की साबुदाण्यावर खापर फोडून मोकळ्या होतात. तिला दरदरून घाम फुटला होता, म्हणून मी ईसीजी लिहिला. तुम्ही माझ्या हातातून केसपेपर घेतलात. "महाशिवरात्रीला अख्ख्या सोलापूरला पित्त होतं. सगळ्यांचे ईसीजी काढशील? हिच्या छातीत काही नाही, तुझ्याच डोक्यात आहे." सगळे हसले. पित्ताचं इंजेक्शन देऊन तिला बाहेर बाकावर बसवलं. नणंद लिंबू सरबत आणायला जाते, मी एका मुलाच्या हाताला टाके घालते, आणि दारातून ती बाई भिंतीला डोकं टेकून शांत बसलेली दिसते. मला वाटतं, डोळा लागला. ती गेलेली असते. नणंद ग्लास घेऊन उभी, आणि तुम्ही तिला म्हणता, "फार उशिरा आणलंत." ती म्हणते, "माजंच चुकलं की." त्या क्षणापासून मी तुमचा द्वेष करते. तुम्ही चुकलात म्हणून नाही, डॉक्टर चुकतात. ती चूक तुम्ही त्या नणंदेच्या पदरात टाकलीत म्हणून.

मी इमर्जन्सी मेडिसिन घेतलं ते त्या दिवसामुळे, आणि हट्टाने याच कॅज्युअल्टीत परत आले. पित्त, मळमळ, जीव घाबरा होतोय, हात जड पडलाय, असं काहीही सांगत आलेल्या प्रत्येक मध्यमवयीन बाईचा आल्या आल्या ईसीजी काढायचा आणि तिचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवायचे, असं संशोधन सुरू केलं. तुमचे चेले म्हणाले, मशीन झिजवतेय. झिजवली. हार्ट अटॅकच्या किती निघाल्या ते सांगत नाही; तुमच्या मते एकही निघायला नको होती. आता तो इथला नियम आहे. 'उपास असला तरी ईसीजी' अशी पाटी मी मुद्दाम कॅज्युअल्टीच्या भिंतीवरच्या तुमच्या फोटोखाली लावली. रोज येताजाता बघते आणि मला बरं वाटतं.

आणि मग श्रावणी सोमवारी काकू आल्या, तुमच्या पत्नी. "पित्त झालंय गं, एक इंजेक्शन दे, जाते मी." मी ईसीजी काढला. अटॅकच होता. तासाभरात त्यांची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली गेली, त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून म्हणाल्या, "हे यांनीच शिकवलं ना तुला?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कितीतरी वर्षांपासून तयार होतं. बाकासकट, लिंबू सरबतासकट. पण त्या नुकत्याच मरणाच्या दारातून आल्या होत्या, म्हणून मी हो म्हणाले.

त्या बऱ्या होऊन घरी गेल्या की सगळं लिहून त्यांना द्यायचं, असं तेव्हाच ठरवलं, आणि हे लिहायला घेतलं. तुम्हाला उद्देशून, पण वाचणार होत्या त्या. काल काकू तपासणीला आल्या. तब्येत ठणठणीत. फोटोसमोर थांबल्या, खालची पाटी वाचली आणि पदराने तुमची काच पुसली. "सांगत होते बरं का मला, पोरगी हुशार आहे म्हणून," म्हणाल्या. खरं असेल, खोटं असेल. मग पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "ही पण यांचीच शिकवण ना?" कागद माझ्या ॲप्रनच्या खिशात होता, तो तिथेच राहिला. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, सर. फक्त पुन्हा एकदा हो म्हणाले.