बदकाच्या उताऱ्याचे दोन गुण

आदरणीय धाकटे मामा,

तुम्हाला आणि मामींना वनबिनचा कमरेतून वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींनी कळवलं की बागेत सकाळी उलटं चालायचा व्यायाम करताना तुमची समोरून, म्हणजे तुमच्या मागून, उलट्याच चालत येणाऱ्या एका निवृत्त पोस्टमास्तरांशी टक्कर झाली, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड न बघताच पाच मिनिटं भांडण केलं. काळजी घ्या. तुमच्या नानछांग शहरातली माणसं सरळ चालतानासुद्धा बघत नाहीत.

इकडे आम्ही सगळे जेवून-खाऊन आहोत. यापुढे जाऊन ‘खुशाल आहोत’ असं लिहायला हात धजत नाही, आणि का धजत नाही ते सांगण्यासाठीच हे पत्र. फोन केला असता, पण मामी फोन स्पीकरवर टाकतात, आणि इकडे मोठी मावशी आमच्या एका भिंतीपलीकडे राहते. (भिंत पातळ आहे. आमच्याकडे कोणी शिंकलं तर ती तिकडून आलं घालून गरम पाणी प्यायला सांगते.)

तुम्हाला ठाऊकच आहे की मी गेली बावीस वर्षं नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. त्यातले शब्द एक वेळ पाठ होतात. निदान होतील अशी आशा असते. शब्दांच्या पुस्तकात अक्षरक्रमाने येणारा पहिलाच मोठा शब्द ‘सोडून देणे’ या अर्थाचा आहे आणि निम्मी मुलं तिथूनच त्याचं पालन करतात. खरी अडचण असते ती उताऱ्यावरच्या प्रश्नांची. उतारा वाचायचा आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. चारही बरोबर वाटतात, आणि बरोबर कुठला हे फक्त उत्तरसूचीला माहीत असतं. तर या वसंतात चार शाळांची मिळून सराव परीक्षा ठरली, आणि आमचे मुख्याध्यापक कोंग सर म्हणाले की उतारे प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातून लिहा, म्हणजे मुलांना ते फोनवर सापडणार नाहीत.

माझ्या आयुष्यात काय आहे, मामा? मी तीन दिवस विचार केला आणि शेवटी मावशीचं बदक घेतलं.

मावशी आणि तिच्या समोरच्या दारातल्या यान आजी यांचा अबोला तुम्हाला आठवत असेल. यान आजींच्या ओल्या कपड्यांचं पाणी मावशीच्या मुळ्याच्या वाळवणावर पडलं, आणि त्यावरून दोघी अकरा वर्षं बोलल्या नाहीत. मग सहा वर्षांपूर्वी, यान आजींचे यजमान गेले त्या हिवाळ्यात, मावशीने एक दिवस आपलं एकुलतं एक बदक कापलं, त्याचं सूप केलं आणि पातेलं घेऊन समोरच्या दारात गेली. त्या दिवसापासून दोघी रोज दुपारी चौघींच्या माजोंगच्या खेळात सोंगट्या आपटायला एका टेबलावर बसू लागल्या. एवढीच गोष्ट मी सोप्या इंग्रजीत लिहिली. (लिहिताना माझे डोळे भरून आले. बायको म्हणाली, ‘व्याकरण तपासा.’) खाली प्रश्न घातला की म्हातारीने शेजारणीकडे बदकाचं सूप का नेलं? पर्याय अ, तिने शेजारणीला माफ केलं होतं. ब, बदक म्हातारं झालं होतं. क, तिच्या मुलाने तसं सांगितलं होतं. आणि ड, तिला शेजारणीचं स्वयंपाकघर बघायचं होतं. बरोबर उत्तर अर्थातच अ. बाकीचे तीन मी निव्वळ जागा भरायला लिहिले होते. ड तर लिहिताना मला हसू आलं होतं.

परीक्षेला चारशे मुलं बसली. ड लिहिणारी एकच मुलगी निघाली, आपली श्याओहे, मावशीची नात! दोन गुण गेले म्हणून ती घरी रडत बसली, आणि मावशीने तिच्याकडून अख्खा उतारा शब्दाशब्दाने समजून घेतला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला मावशी पेपरची सुरळी करून शिक्षकांच्या खोलीत हजर.

“वनबिन, हा पेपर कुणी काढला?”

“मी काढला, मावशी.”

“यातली म्हातारी कोण?”

“कुणीच नाही. काल्पनिक आहे.”

“काल्पनिक म्हातारीच्या मुळ्यांवर खऱ्या धुण्याचं पाणी पडतं होय रे? आणि म्हातारी कुणाला म्हणतोस? सहासष्ट वर्षांची होते मी तेव्हा. तांदळाचं पोतं तिसऱ्या मजल्यावर एकटी नेत होते. ते असू दे. उत्तर ड आहे. पोरीचे दोन गुण दे.”

कोंग सर मध्ये पडले. ते फार सभ्य आहेत, पण सभ्य माणसाने मावशीच्या मध्ये पडू नये हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते म्हणाले, “आजी, उताऱ्यात जेवढं लिहिलंय तेवढंच धरायचं असतं.”

“उतारा माझा आहे!”

“उतारा शाळेचा आहे, आजी.”

“पण बदक माझं होतं! आणि ते नेताना मी काय म्हणाले ते या पोरीने ऐकलंय. ‘जाते आणि तिचं स्वयंपाकघर बघून येते’, असंच म्हणाले मी. पोरगी तेच लिहून आली. तुमच्या चारशे पोरांत एकटी खरं बोलली आणि तिचेच गुण कापता?”

मी हळूच म्हणालो की उतारा मी लिहिलाय, तर निदान मला तरी विचारा. त्यावर कोंग सर म्हणाले की लेखकाचं मत विचारायची पद्धत नाही. (बावीस वर्षं मी हेच मुलांना शिकवत आलोय. ऐकायला किती वाईट वाटतं ते आता कळलं.)

इथवर प्रकरण शाळेतच मिटलं असतं. पण यान आजींची नातही श्याओहेच्याच वर्गात आहे, आणि तिने अ लिहिलं होतं. उत्तर बदललं तर तिचे दोन गुण जाणार. म्हणून दुपारी यान आजी आल्या, आणि ड म्हणजे काय हे त्यांना तिथे, आमच्या टेबलापाशी, मावशीच्या समोरच कळलं.

त्यांनी हातातला नातीचा पेपर टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “म्हणजे सूप हे निमित्त होतं. माझ्या स्वयंपाकघरात नव्या फरशा बसवल्या होत्या त्या बघायला आली होतीस तू? माझा नवरा जाऊन महिना झाला नव्हता.”

मामा, त्या क्षणी मावशीने ‘नाही’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तुमची बहीण आहे ती. तिने हनुवटी वर केली आणि म्हणाली, “हो. बघायलाच आले होते.”

“मग उत्तर ब आहे,” यान आजी म्हणाल्या. “त्या म्हाताऱ्या बदकाने माझी दाढ हलवली होती. सहा वर्षं बोलले नाही मी.” आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत यान आजींच्या दोन गोधड्या, नीट न पिळलेल्या, मावशीच्या वाळवणावर लटकत होत्या. माजोंगचं टेबल मोडलं. उरलेल्या दोघी खेळणाऱ्या बाजारात मला बघून भाजीवाल्याला म्हणू लागल्या, ‘हाच तो इंग्रजीवाला.’ दोन्ही नाती एका बाकावर बसायच्या, त्या लांब बसू लागल्या. बायकोने सांगितलं की यापुढे किराण्याची यादीसुद्धा मी लिहायची नाही. कोंग सरांनी प्रश्न तालुक्याच्या उत्तर समितीकडे पाठवून दिला. आमच्याकडे प्रश्न अशाच तऱ्हेने सुटतात, म्हणजे आपल्या हातून सुटतात.

आणि मावशीने इंग्रजी शिकायचं ठरवलं. ‘आज बदक लिहिलंस, उद्या काय लिहिशील त्याचा नेम नाही. मला वाचता आलं पाहिजे,’ असं तिचं म्हणणं. शाळा सुटल्यावर मी कच्च्या मुलांचा जादा वर्ग घेतो, त्यात ती येऊन बसली. कोंग सरांनी लगेच परवानगी दिली, घाबरून. दुसऱ्या दिवशी यान आजीही वही घेऊन आल्या. ‘ती शिकणार आणि मी काय अडाणी राहू?’ रिकामं बाक एकच होतं, मागचं. त्यावर दोघी दोन टोकांना बसल्या, मध्ये दोघींच्या चहाच्या बाटल्या, कुंपणासारख्या.

शिकण्याची पद्धत काय सांगू! आपली अक्षरं वापरून इंग्रजी शब्दांचा उच्चार लिहून ठेवायचा. आपल्या प्रत्येक चिनी अक्षराला स्वतःचा अर्थ असतो, त्या हिशेबाने ‘थँक यू’ म्हणजे ‘तीन ग्रॅम तेल’. मावशीला हा शब्द आवडला, उपयोगी वाटला. पण ‘बस’ शब्दाचा उच्चार आपल्या अक्षरांत ‘बाप मेला’ असा लिहितात हे मुलांकडून कळल्यावर तिने टेबलावर हात आपटून वर्ग थांबवला आणि दुसरा शब्द द्या म्हणाली. मी म्हटलं, दुसरा नाही. ती म्हणाली, मग मी पायी जाईन. यान आजींनी ‘स्कूल’ म्हणजे ‘सगळे मेले’ असं निमूटपणे लिहून घेतलं आणि वर माझ्याकडे बघून म्हणाल्या की हा शब्द लक्षात राहील.

तीन आठवड्यांत दोघींना प्रत्येकी चाळीसेक शब्द आले. एकमेकींशी मात्र कुठल्याच भाषेत शब्द नाही. मावशी दुपारी एकटीच खिडकीशी बसायची. एकदा भिंतीपलीकडून सोंगट्यांचा आवाज आला म्हणून मी डोकावलो, तर ती चारही जणींचे डाव एकटी मांडून बसली होती. मला बघून म्हणाली, “काय बघतोस? हेही लिही तुझ्या पेपरात.” मी परत आलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, मामा. गंमत म्हणून एक ओळ लिहिली आणि दोन माणसांची सहा वर्षं पुसली.

मग समितीचं उत्तर आलं. पर्याय काढून टाका, मुलांना आपल्या मनाने एक-दोन वाक्यं लिहू द्या, आणि उताऱ्याशी जुळणारं काहीही चालेल. शुक्रवारी जादा वर्गातही मी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला. म्हातारीने सूप का नेलं? चौदा मुलं आणि मागच्या बाकावर या दोघी. मावशी अर्धा तास लिहीत होती, जीभ दातांत धरून. वेळ संपल्यावर मी नेहमीसारखं म्हणालो, “शेजाऱ्याशी पेपर बदला आणि तपासा.” म्हणालो आणि मग लक्षात आलं की मागच्या बाकावर शेजारी कोण आहे.

पण यान आजींनी चहाच्या बाटल्या बाजूला केल्या आणि मावशीचा कागद ओढून घेतला. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचू लागल्या. मी मागे जाऊन उभा राहिलो. मावशीने लिहिलं होतं ते आपल्या भाषेत असं होईल: ‘स्वयंपाकघर धूर नाही. तीन दिवस. मी बघते.’

आपल्या बोलीत मावशीने हे कधीच सांगितलं नसतं. तिथे तिच्याकडे टोमण्यांचं भांडार आहे, त्यात लपायला हवी तेवढी जागा आहे. चाळीस शब्दांत लपायला जागाच नव्हती. यान आजींच्या स्वयंपाकघरातून तीन दिवस धूर बाहेर आला नव्हता, खिडकीतला पंखा फिरला नव्हता. मावशी रोज मुळे उलटे-पालटे करताना ते बघत होती. चौथ्या दिवशी तिने बदक कापलं.

“तीन दिवस?” यान आजींनी विचारलं.

“साडेतीन,” मावशी म्हणाली. “साडे याने शिकवलेलं नाही.”

यान आजींनी ‘तीन’ या शब्दावर पुन्हा बोट ठेवलं. “भूकच लागत नव्हती तेव्हा.”

“माहीत आहे.”

“शाळेत सगळ्यांदेखत हे बोलली असतीस तर?”

“तुझ्या घरी चूल पेटत नाही, हे सगळ्यांदेखत सांगू?”

यान आजींनी लाल पेन घेतलं, उत्तरापुढे बरोबरची खूण केली, आणि गुण मात्र दोनपैकी दीडच दिले, कारण ‘धूर’ या शब्दात एक अक्षर चुकलं होतं. मावशीने त्यांचा कागद उलटला. त्यावर लिहिलं होतं, ‘बदक म्हातारं. सूप चांगलं. मी सगळं खाल्लं.’ मावशीने दोनपैकी दोन दिले. मग खाली वाकून चहाची बाटली शोधत बसली, आणि ती बाटली समोरच होती.

मी गेली बावीस वर्षं उतारे समजावून देतोय, मामा, आणि एका भिंतीपलीकडे राहून मला हा कळला नव्हता. श्याओहेला दोन गुण दिले. दोन्ही नाती पुन्हा एका बाकावर आहेत. गोधड्या हलल्या, टेबल पुन्हा वाजू लागलं, आणि मला त्या आवाजाचा मुळीच त्रास होत नाही.

आता हात दुखला, थांबतो. मामींना माझ्यातर्फे सांगा की त्यांच्या लोणच्याची बरणी धुऊन ठेवली आहे, रिकामी परत पाठवायला लाज वाटते म्हणून पाठवली नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
वनबिन

ता. क. वर सगळं गोड झालं असं वाटेल, म्हणून थोडं उरलेलं. दोघी जादा वर्ग सोडायला तयार नाहीत. आता त्या मिळून लढतात. गेल्या आठवड्यात एका देवमाशाच्या उताऱ्यावर त्यांनी हरकत घेतली की माशाला असं वाटणार नाही. पुढच्या सोमवारी शाळेत तपासणी आहे, आणि कोंग सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वर्गात एक तर तपासनीस बसतील नाही तर या दोघी. तेव्हा दहा दिवस त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्याल का? तुमची मागची खोली रिकामीच असते.

आणखी एक. ‘ठेवून घ्याल का’ हे मी रीत म्हणून विचारलं. त्या उद्या सकाळच्या बसने निघताहेत. (मावशीने बसला शेवटी होकार दिला, फक्त त्या गाडीला त्या नावाने हाक मारायची नाही.) तुम्ही फार आग्रहाने बोलावलंय असं मी त्यांना सांगितलं आहे, तरी दार उघडताना चेहरा तसा ठेवा. हे पत्र कुरिअरने त्यांच्या आधी पोचेल. बहुधा.

शेवटचं. दोघींना रोज सकाळी वीस शब्दांचं श्रुतलेखन घालायचं आणि वहीत खाली ‘पालक’ या जागेवर सही करायची, असा शाळेचा नियम आहे. मावशी तुमच्याहून सात वर्षांनी मोठी आहे हे मला ठाऊक आहे, पण नियमात त्याची काही सोय नाही. शब्दांची यादी सोबत आहे. चूक निघालीच तर लाल शाईने खूण करा, मात्र करण्याआधी मामींना मध्ये बसवा.