धोंड्याच्या महिन्यातला सामना

१६ एप्रिल १९७२, रविवार

एक जागा. फक्त एक! चिमाजीरावांनी पुण्याचं पत्र दोनदा वाचून दाखवलं, तरी मी हातात घेऊन तिसऱ्यांदा वाचलं. मेच्या शेवटी पुण्यात टेनिसची मोठी खुली स्पर्धा आहे. तिथं आमच्यासारख्याला एरवी कोण विचारतो — आधी पात्रतेचे सामने, त्याआधी शिफारस, त्याआधी ओळख. पण यंदा कमिटीनं आपल्या हातातली एक जागा तालुक्याच्या क्लबासाठी ठेवली आणि ती भोरला दिली. एकदम पहिल्या फेरीत! नाव पंधरा मेपर्यंत कळवायचं.

आमच्या क्लबात खेळणारे किती? चिमाजीराव सेक्रेटरी आहेत, पण त्यांचा गुडघा दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला. बाकीचे पोट कमी करायला येतात आणि चहा पिऊन जातात. राहिलो मी आणि दाजी.

"सात मेला रविवारी तुम्ही दोघं खेळा. जिंकेल त्याचं नाव पाठवतो," चिमाजीराव म्हणाले. ऐकायला किती सोपं.

१९ एप्रिल

दाजींनी मला रॅकेट धरायला शिकवलं त्याला बारा वर्षं झाली. रतनअक्काच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. नवा जावई म्हणून आईनं पाट मांडला, रांगोळी घातली, आणि हा माणूस अंघोळ होताच मला घेऊन क्लबाच्या भिंतीशी! फराळाला आम्ही दुपारी उगवलो. आई काही बोलली नाही, जावई होता ना. मला मात्र नंतर मिळाला प्रसाद.

आता दाजी अडतीसचे आहेत. कामथडीला राहतात, शाळेत चित्रकला शिकवतात, आणि दर रविवारी एसटीनं भोरला येतात ते माझ्याशी खेळायला. मी सव्वीसचा. गेल्या वर्षभरात कधी ते जिंकतात, कधी मी. पत्राबद्दल त्यांना कळलंय. निरोप आला — "सावळ्या, सात तारखेला दया दाखवू नकोस."

मी कुठून दाखवणार? मलाच ती जागा हवी आहे. एसटीच्या तिकीटखिडकीत बसून आयुष्य जाणार हे ठरलेलंच आहे, पण एक दिवस तरी पुण्याच्या त्या कोर्टवर उभं राहायचंय.

२६ एप्रिल

आईला कळलं. गेनबानं सांगितलं असणार. हा क्लबाचा रखवालदार कोर्टवर पाणी मारतो, रोलर फिरवतो आणि गावभर बातम्या पोचवतो, तिन्ही कामं चोख.

आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "सात तारखेला जावयाला धोंड्याचं जेवण सांगितलंय म्या. आन तू त्याच सकाळी त्येला हरवणार व्हय?"

मी म्हटलं, खेळ आहे तो.

"खेळ आसू दे न्हाईतर आनखी काय. धोंड्याचा म्हयना तीन वर्सानं येतो. ह्या म्हयन्यात जावयाला वाण द्यायचं, जोडीनं ववाळायचं, भरल्या हातानं धाडायचं. तू त्येच्या हातातलं काढून घेनार आन मग म्या त्येच्या ताटात धोंडे वाढनार? लोक तोंडात शेण घालतील."

मी उठलो तर तिनं पिठाच्या हातानंच माझा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. "शबूद दे. हरायचं."

दिला! काय करणार? बाबा गेल्यावर तिनं आम्हाला कसं वाढवलं ते मला ठाऊक आहे. शब्द देऊन बाहेर आलो आणि ओट्यावर तासभर बसलो. रडायला आलं नाही, नुसता संताप आला.

२८ एप्रिल

आज खिडकीवर मार्गासनीचं तिकीट मागणाऱ्या म्हाताऱ्याला कामथडीचं फाडून दिलं. त्यानं वाचलं नाही, कंडक्टरनं वाचलं. दोघांनीही मला शिव्या घातल्या. बरोबरच होत्या.

३ मे

ठरवलं. पहिले दोन सेट खरे खेळायचे. तिसऱ्या सेटची वेळ आली तर तिथं सोडून द्यायचं. म्हणजे आईचा शब्दही राहील आणि मला कळेल तरी की मी किती पाण्यात आहे. अगदीच सगळं फुकट नको.

७ मे, रविवार

जीव भांड्यात पडला! इतका की आधी तेच लिहितो.

सकाळी सातला सुरुवात. गेनबानं चुन्याच्या रेघा इतक्या जाड मारल्या होत्या की चेंडू आत का बाहेर यावरून भांडण नको म्हणूनच मारल्यासारख्या. पहिला सेट दाजींचा, ६-४. दुसरा माझा, ६-३. मग तिसरा. म्हटलं, सावळाराम, आता सोड.

सोडायला लागलो तोवर दाजी ३-० वर! मी काही केलंच नव्हतं. त्यांचे चेंडू असे कोपऱ्यात पडत होते की सोडायची संधीच मिळेना. चिडलो. आईचा हात, डोकं, शब्द — सगळं विसरलो आणि जीव तोडून धावलो. एकदा जाळीवर पडलो, कोपर सोलवटलं. दाजींनी दोन गेम दिले, बास. ६-२.

मी खरोखर हरलो! शब्द मोडला नाही आणि खोटंही खेळलो नाही. जाळीपाशी दाजींना मिठी मारली तेव्हा हसूच आवरेना. "हरून इतका खूश झालेला माणूस पहिल्यांदा बघतोय," चिमाजीराव म्हणाले. जागा गेली याचं वाईट वाटतंय, पण ते उद्या वाटेल.

तोच दिवस, संध्याकाळ

लिहू नये असं वाटतंय.

दुपारी जेवणं. दाजी आणि अक्का जोडीनं पाटावर. आईनं ताम्हणात तेहतीस अनारसे आणि दिवा ठेवून वाण दिलं, दोघांना ओवाळलं, धोंडे वाढले. दाजींनी पहिला घास उचलला आणि आईचं समाधान तोंडातून सांडलं — "माझ्या सावळ्यानं शबूद राखला. धोंड्याच्या म्हयन्यात जावयाला मोकळ्या हातानं न्हाई धाडलं."

दाजींचा घास तिथंच थांबला. "कसला शब्द?"

अक्काची मान खाली. म्हणजे तिलाही माहीत होतं! दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, शब्द दिला होता, पण आज खरा हरलो. माझं मलाच ते खोटं वाटलं.

त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतले आणि रॅकेट घेऊन निघाले. अक्का मागून पळाली. जावई धोंड्याच्या ताटावरून उठून गेला — आई दारात बसली ती दिवेलागण होईपर्यंत. शेवटी मीच तिला हात धरून आत आणलं.

९ मे

दाजींची चिठ्ठी चिमाजीरावांकडे आली. "माझे नाव पाठवू नये. सावळारामचे पाठवावे."

१० मे

रजा टाकून कामथडीला गेलो. दाजी मुलांच्या वह्या तपासत होते. मी सगळं सांगितलं. तिसऱ्या सेटला कसं सोडायचं ठरवलं होतं, कसं जमलं नाही, कसा चिडलो. कोपर दाखवलं.

"खरं आसंल," ते म्हणाले. "पन मी तुझ्या जागी आसतो तर मीबी हेच सांगितलं आसतं. कोपर सोलून घ्यायला काय लागतं?"

खरं बोलूनही माणूस खोटा ठरतो तेव्हा त्याच्याकडं दुसरं काही उरत नाही. वर ते म्हणाले, "वीस वर्सं वाट बघितली मी. आता ती दान म्हणून नको. तू जा. मला राग न्हाई." राग असता तर बरं झालं असतं.

अक्का फाट्यापर्यंत सोडायला आली. नवरा दोन दिवस धड जेवला नाही म्हणाली. मी म्हणालो, तुला माहीत होतं तर तू का नाही अडवलंस आईला? ती म्हणाली, "त्यांनी जिंकावं असं मला वाटत होतं."

११ मे

आईला म्हटलं, आता एकच उपाय आहे. परत खेळायचं. अधिक महिना तेराला संपतो. चौदाला रविवार आहे, नाव पंधराला द्यायचं. चिमाजीराव तयार आहेत. फक्त दाजी यायला हवेत.

आई उठली, लुगडं बदललं, पिशवीत अनारसे भरले. "चल एसटीला."

कामथडीला दाजींच्या अंगणात उभी राहून ती म्हणाली, "जावईबापू, म्या चुकले. ह्या पोराला घातलेली शपथ म्या हितं, तुमच्या म्होरं सोडवून घेते. तेराला म्हयना सरतो. चौदाला तुमी माझं जावई न्हाई, निस्तं मास्तर. ह्यो तुमाला हरवायला येनार हाय, आन म्या बघायला."

दाजींनी तिच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाले, "आदी आत या. उन्हात हुभ्या हाय तुमी." आत गेल्यावर त्यांनी पिशवीतला अनारसा काढून खाल्ला. आईनं पदरानं डोळे टिपले. मी तर सुटलोच.

१४ मे, रविवार

आई टेनिसचा सामना बघायला आली! नऊवारी नेसून रोलरवर बसली. गेनबा तिच्या शेजारी उभा राहून खेळ समजावत होता. सगळा चुकीचा.

आज कुणाचा शब्द नाही, शपथ नाही. पहिला सेट मी घेतला, ६-४. दुसरा दाजींनी, ७-५. ऊन चढत गेलं. आई मधेच म्हणायची, "मार सावळ्या, मास्तर दमलं," आणि दाजी हसायचे. तिसऱ्यात मी ५-४ ने पुढं होतो, मॅच पॉइंटही मिळाला होता, पण तो चेंडू बाहेर गेला. मग दाजींनी सलग तीन गेम घेतले. ७-५.

चिमाजीरावांनी तिथंच कागदावर दाजींचं नाव लिहिलं — सर्जेराव, कामथडी. दाजींनी माझे दोन्ही खांदे धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता कसं! आता झाला खरा खेळ." अक्का हसत होती, रडत होती. आई म्हणाली, "बरं झालं बाबा, माझ्या डोक्यावरचं वझं उतरलं." संध्याकाळी दाजी आमच्याकडं पोटभर जेवले. महिना सरला तरी आईनं धोंडे केलेच होते.

घरात इतका मोकळा श्वास किती दिवसांनी घेतला.

२३ मे, मंगळवार

पुण्याला गेलो. मी, आई, अक्का. गेनबानं नवा पांढरा शर्ट घेतला होता, तोही आला. दाजींची पहिली फेरी नावाजलेल्या खेळाडूशी. ६-३, ६-४ हरले. पण दुसऱ्या सेटला ४-४ होतं तेव्हा टाळ्या वाजल्या त्या दाजींसाठी वाजल्या! परदेशी बूट घातलेल्या त्या खेळाडूनं जाळीपाशी येऊन विचारलं म्हणे, "कुठं शिकलात?" दाजी म्हणाले, "भोरला. भिंतीवर."

परतीच्या एसटीत दाजी माझ्या शेजारी बसले. नसरापूर आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सावळ्या, तू चौदाला खरा खेळलास म्हनून आज ताठ मानेनं हुभा राहिलो."



२४ मे

चौदा तारखेला या वहीतसुद्धा खरं लिहिलं नाही. आता लिहितो.

तिसरा सेट, ५-४, मॅच पॉइंट. दाजी मागच्या रेघेवर गुडघ्यावर हात टेकून वाकले होते. त्यांचा चेंडू अर्ध्या कोर्टात सावकाश, उंच आला. समोरचं सगळं कोर्ट मोकळं होतं. असा चेंडू मी डोळे मिटून आत मारतो.

तो रेघेच्या वीतभर बाहेर मारला. आईसाठी नाही, शब्दासाठी नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं; त्यांची वीस वर्षं आठवली, एवढंच. पुढचे तीन गेमही तसेच.

खरा हरलो तेव्हा कुणी मानलं नाही, खोटा हरलो ते सगळ्यांनी खरं मानलं. जागा गेली ते अजून सलतं. पण आज दिवसभर खिडकीत बसून तिकिटं फाडताना एकही चुकलं नाही.

दाजींना हे कधीही कळता कामा नये.