डब्यावरचा लाल पट्टा

प्रिय विसराळूबाई,

मी तुझी आजी. तुझ्या आईची आई, बुटकी, डाव्या कानाने कमी ऐकणारी. ओळख पटली का? तीन आठवड्यांपूर्वी तू चार दिवस माझ्याकडे राहून गेलीस आणि पोचल्याचा निरोपही दिला नाहीस, म्हणून म्हटलं, आधी ओळख करून द्यावी. अणुवीज केंद्रातली दीडशे बटणं जिला पाठ आहेत, तिला एक आजी लक्षात राहू नये, हे नवलच. इथे विसरलेल्या तुझ्या वस्तू सांगते: चष्म्याचं घर, घरात घालायचा झगा, एक मोजा (दुसरा कुठे गेला ते तुझं तू बघ), अर्धं वाचलेलं पुस्तक, आणि आणखी एक गोष्ट. ती शेवटी सांगेन.

लिहून घ्यायला नेहमीसारखी शेजारची चष्मेवालीच बसली आहे. पण या वेळी मी तिला तुमच्या कंट्रोल रूमचा नियम लावलाय. मी एक वाक्य सांगायचं, तिने ते लिहून मोठ्याने परत म्हणायचं, आणि मी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. तू जेवताना हे सांगितलंस तेव्हा मला हसू आलं होतं. एवढी शिकलेली माणसं आणि पोपटासारखी बोलतात? आता फायदा कळला. पहिल्याच ओळीत हिने ‘बुटकी’च्या जागी ‘मध्यम उंचीची’ लिहिलं होतं, मला बरं वाटावं म्हणून. तिथल्या तिथे पकडली. तुझे आजोबाही माझं बोलणं परत म्हणून दाखवायचे, पण वेडावून. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तू गेल्यापासून माझं डोकं तुझ्या केंद्रातच फिरतंय. ती खोटी कंट्रोल रूम, जिथे तुम्ही मुद्दाम संकट आणून सराव करता, तिथे आज कोणतं संकट आणायचं हे ठरवणारा माणूस घरी कसा वागत असेल? बायकोला न सांगता दिवे घालवत असेल का? आणि संकट खोटं असलं तरी घाम खरा येतो का? दुसरं म्हणजे, ते परक्या केंद्रांमधले लोक. ते येऊन दोन दोन आठवडे तुमची कपाटं उघडून बघतात, मग तुमची माणसं त्यांच्याकडे जाऊन तेच करतात. म्हणजे विहिणींनी आळीपाळीने एकमेकींचं स्वयंपाकघर तपासायचं, आणि वर कोणी रुसायचं नाही! हे कोणाच्या डोक्यातून निघालं, विचारून ठेव. मला खरंच जाणून घ्यायचंय.

माझ्या केंद्रातही असे पाहुणे एकदा आले होते. एकवीस वर्षं मी तिथल्या धुलाईखान्यात होते, हे तुला माहीत आहे. त्या पाहुण्यांतला एक उंच माणूस मोठ्या साहेबांना मागे ठेवून थेट माझ्यापाशी आला आणि दुभाष्याकरवी विचारलं, की कपडे तपासताना किरणांचा मीटर वाजला तर काय करता. मी म्हटलं, हात थांबवते आणि कोणाला तरी हाक मारते. तो इतका खूश झाला की मलाच संशय आला, आपण भलतंच तर नाही बोललो. एवढ्या साध्या उत्तरावर खूश होणारा पुरुष मला पुन्हा भेटला नाही.

पण मला बोलायचंय ते तू आलीस त्याच्या तिसऱ्या दिवसाबद्दल. आपण मटार सोलत होतो. शिफ्ट इनचार्ज होण्यासाठी पुढच्या महिन्यात तुझी मुलाखत आहे, हे तू नुकतंच सांगितलं होतंस. मग मान वर न करता विचारलंस, ‘आजी, कोणी पाहिलं नाही, काही बिघडलंही नाही, तर ती चूक धरायची का?’ मी म्हटलं, दाणे टोपात टाक, तोंडात नको. तू हसलीस, मीही हसले. म्हातारीच्या लक्षात आलं नाही, असं तुला वाटलं असेल. लक्षात आलं होतं. उत्तरही तयार होतं. ते देताना मला स्वतःबद्दल काही सांगावं लागलं असतं, म्हणून मी मटारांच्या आड लपले.

तर ऐक. धुलाईखान्यात दोन प्रकारचे डबे असायचे. अणुभट्टीजवळच्या आतल्या भागातून आलेले कपडे लाल डब्यात, बाकीचे पांढऱ्या डब्यात. दोन्हींची मशीनं वेगळी. एका सोमवारी नवे डबे आले, सगळे राखाडी, चकचकीत, आणि वर अक्षरं. मला अक्षर येत नाही हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. मी डब्यांची जागा लक्षात ठेवून काम चालवलं. बुधवारी झाडणाऱ्याने जागा बदलली. मी आतल्या कपड्यांची एक पिशवी साध्या मशीनमध्ये घातली. संध्याकाळी मीटर वाजला. होतं ते थोडंच होतं, कोणाला काही झालं नाही. पण त्या मशीनवर माझी एक सोबतीण होती. तिची चूक समजून तिला घरी बसवलं. मी तीन दिवस गप्प राहिले. पिशवीची भीती नव्हती गं. अक्षर येत नाही हे कळलं तर लोक काय म्हणतील, याची होती.

चौथ्या दिवशी मी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओरडतील म्हणून मी खाली बघत होते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, ‘बाई, डबे बदलताना आम्ही तुम्हाला विचारलं होतं का?’ मग एक गुलाबी कागद काढला, मी सांगितलेलं लिहिलं, परत वाचून दाखवलं, ‘बरोबर?’ विचारलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझा अंगठा घेतला. त्याच संध्याकाळी सोबतिणीला परत बोलावणं गेलं. आठ दिवसांत डब्यांवर लाल पट्टा आला, खाली ‘थांबा’ सांगणाऱ्या पंज्याचं चित्र. असे कागद इतर केंद्रांनाही पाठवतात, समुद्रापलीकडेसुद्धा, असं ते म्हणाले होते. माझी चूक जहाजाने गेली की विमानाने, तेवढं विचारायचं राहिलं.

सोबतीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही. इथे लेखणी थांबली आहे, कारण ती सोबतीण म्हणजे ही चष्मेवालीच. तिचं म्हणणं आहे की वर्षभर नाही, चौदा महिने. बरोबर.

आता ती शेवटची गोष्ट. तू गेल्यावर तुझा झगा धुवायला घेतला. धुलाईवालीचा हात आधी खिशात जातो. आत चौघडी घातलेला गुलाबी कागद होता. वरचा भाग तुझ्या अक्षरांनी भरलेला, उजवा कोपरा रिकामा. मी तो कोणाकडून वाचून घेतला नाही, चष्मेवालीलाही दाखवला नाही. काय लिहिलंय ते तुझं आणि तुझ्या केंद्राचं. पण तो कोपरा कशासाठी असतो हे मला माहीत आहे, आणि तू तो विसरलीस की माझ्यासाठी ठेवून गेलीस, हेही मी विचारणार नाही. मुलाखतीत काय होईल, मला सांगता येत नाही. कदाचित ती जागा हुकेलही. खुर्ची पुढे सरकवणारा माणूस प्रत्येक खोलीत असतोच असंही नाही. पण जाताना तूच म्हणाली होतीस ना, तुमच्याकडच्या कपड्यांच्या डब्यांवर लाल पट्टा आणि पंजा असतो, कोणी काढला देव जाणे? तो माझा पंजा आहे. मी गप्पच राहिले असते तर तिथे राखाडी डबा असता. म्हणून हे पत्र, आणि सोबत तुझा कागद, इस्त्री करून.

तुझीच,
आजी (अंगठा उजव्या कोपऱ्यात)

ता. क. पत्र मिळालं की फोन कर आणि मी सांगितलेलं क्रमाने परत म्हणून दाखव: आधी सही, मग तो कागद तुमच्या केंद्रातल्या चुका कळवायच्या पेटीत, मग माझ्यासाठी खजूर. बिनबियांचे आण म्हणजे आणच. पुड्यावरची अक्षरं तू वाच, माझे उरलेले चार दात पणाला लावू नकोस. दोन पुडे आण, एक चष्मेवालीला. चौदा महिन्यांचं अजून फिटायचंय.