नदीतली कोरडी जागा

सोमवार
आले बाई एकदाची! भाचीने नाटक कंपनीत माझी वर्णी लावली. मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर चुकतमाकत शिकलेलं अ‍ॅनिमेशन या वयात कुणाच्या उपयोगी पडेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. नाटकात भाची नदी ओलांडते. ती नदी मी काढायची, लाट न् लाट. प्रेक्षकांच्या मागच्या खोलीतला प्रोजेक्टर ती रंगमंचावरच्या पडद्यावर पाडणार. खोली माझीच, कडी-खिडकीसकट! दिग्दर्शकांना सगळे ‘सरकार’ म्हणतात. चहा मात्र त्यांनी स्वतः आणून दिला.

मंगळवार
एक घोळ झाला. नदीचा उजेड भाचीच्या अंगावरही पडतो, नाकावरून लाटा जातात. मग चित्रात तिच्याच आकाराची जागा काळी भरली. काळं असेल तिथे उजेड पडत नाही. तालमीतल्या पावलांप्रमाणे काळंही तिच्यासोबत चालतं. भाची म्हणे, मावशी, सगळ्यांदेखत मला काळं फासलंस! हसून हसून पोट दुखलं.

बुधवार
वेणी काळ्यात घ्यायची राहून गेली. तालमीनंतर पाहते तर वेणी पिळावी इतकी ओली. घाम गं, म्हणाली. घामाला शेवाळाचा वास येतो?

गुरुवार
सरकारांना तिच्याभोवतीची काळी किनार खुपते. शिंप्यासारखं अंगाबरोबर बसवा, म्हणाले. आवळलं. खांदा बाहेर राहिला. तिची बाही टपटप गळत होती. रंगमंच मात्र खडखडीत कोरडा.
तिला बाजूला घेऊन म्हटलं, हे काम सोड. ती फणकारली. इतकी वर्षं ट्रे घेऊन आत-बाहेर केलं, आत्ता कुठे मधोमध उभी राहतेय, तूच माझ्या पायात पाय घालणार का, म्हणाली.

शुक्रवार
आज तिचं पाऊल चुकलं. काळं पुढे गेलं, ती मागे राहिली. खोकत खाली बसली. तोंडातून पाणी आलं — चांगलं वाटीभर. तरी उद्या उभी राहणारच म्हणते.
नदी पुसायला बसले. पुसते तशी भरते.
शेवटी गुपचूप काळं मोठं केलं. ऐसपैस. माझ्या पोरीला पुरेल असं.

शनिवार, दुपारचा प्रयोग
सरकारांनी काळं काढूनच टाकलंय. पाणी अंगावर दिसलं पाहिजे म्हणे. मला सांगितलंही नाही. पडदा उघडल्यावर कळलं —

कमरेपर्यंत. लोक टाळ्या वाजवताहेत.

वायर उपटली. नदी तशीच —

गळ्यापर्यंत. हात मारतेय. लोकांना अभिनय वाटतोय.

भिंगापुढे उभी राहिले. पाठ उजेडाकडे. माझी सावली तिच्यावर पडली. गच्च काळी. उठली! श्वास घेतेय बाई.

माझी पाठ भिजली.

सरकार दारावर धडका देताहेत. बाजूला व्हा, चित्र झाकलंय म्हणून. कडी लावलीय.

ओरडायला तोंड उघडलं तर पाणी शिरेल. म्हणून लिहितेय.

काठाकडे निघाली. मी सरकतेय तिच्याबरोबर. नाकाशी आलं. थांबू नकोस पोरी, अजून थोडं, सावलीतच पाय टा—